पॅकेटवरची चिठ्ठी कोणी लावली? कर्नलमधलं सॉकेट आणि पॅकेट लेबलिंग

दिवाळीच्या सुट्टीत रनाळ्याला घरी आले होते. ओसरीवर लॅपटॉप, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर नेट, आणि पलीकडे विभागाच्या लॅबमधल्या मशीनवर एसएसएचने उघडलेलं सेशन. मी एकच ओळ टाकली: ८० नंबरच्या पोर्टवर येणाऱ्या पॅकेटला अमुक एक लेबल लाव. एंटर दाबलं आणि सेशन गोठलं.

आधी दोष रेंजला दिला. पण त्याच हॉटस्पॉटवर भावाचा व्हिडिओ मजेत चालू होता! एसएसएच चालतं २२ नंबरच्या पोर्टवर. मी हात लावला होता ८० ला. मग २२ का बंद पडलं? याचं उत्तर शोधताना जे कळलं, ते पेटच्या तयारीत किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षात असलेल्या तुमच्यासाठी लिहितेय. ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षेवर काम करायचं असेल तर हा गोंधळ कधीतरी तुमच्याही वाट्याला येणार.

पत्ता म्हणजे ओळख नव्हे

साधा फायरवॉल मुख्यतः पाहतो आयपी पत्ता आणि पोर्ट. म्हणजे पॅकेट कुठून आलं आणि कुठे चाललंय. ते कोणत्या प्रोग्रामने पाठवलं, हे त्यातून कळत नाही. ४४३ पोर्टकडे जाणारं पॅकेट ब्राउझरचं असेल किंवा मशीनमध्ये शिरलेल्या मालवेअरचं असेल, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

‘योग्य ठिकाणाहून आलं म्हणजे योग्यच असणार’ हा समज किती महागात पडतो, ते २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या प्रकरणात दिसलं. ११ आणि १३ ऑगस्टला सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातला मोठा भाग २८ देशांतल्या एटीएममधून काढला गेला. त्या वेळी समोर आलेल्या माहितीनुसार, हल्लेखोरांनी एक बनावट स्विच उभा केला होता आणि पैसे काढण्याच्या विनंत्यांना बँकेऐवजी तोच ‘मंजूर’ म्हणत होता. कर्नलमधल्या लेबलिंगने हा हल्ला थांबला असता असा माझा दावा नाही. मुद्दा एवढाच की उत्तर कुठून आलं हा एक प्रश्न आहे आणि कोणी दिलं हा दुसरा.

सॉकेटचं लेबल: वारशाने मिळणारं

लिनक्समध्ये या दुसऱ्या प्रश्नाला हात घालणारी सर्वांत परिचित यंत्रणा म्हणजे एसईलिनक्स. अमेरिकेच्या एनएसएने ती २००० च्या डिसेंबरमध्ये खुली केली आणि २००३ मध्ये ती मुख्य कर्नलमध्ये आली. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही ती आहेच.

इथे प्रत्येक प्रोसेसला एक लेबल असतं. त्याचे भाग चार: युजर, रोल, टाइप आणि लेव्हल. रोजच्या कामात सगळ्यात महत्त्वाचा टाइप. वेब सर्व्हरचा टाइप ‘एचटीटीपीडी_टी’, एसएसएच सर्व्हरचा ‘एसएसएचडी_टी’.

प्रोसेसने सॉकेट उघडलं की वेगळं काही सांगितलं नसेल तर प्रोसेसचंच लेबल सॉकेटला मिळतं. पुढे ते सॉकेट पोर्टला बांधताना, बाहेर जोडणी करताना, डेटा पाठवताना कर्नल प्रत्येक टप्प्यावर पॉलिसीला विचारतो: या लेबलला हे करायची मुभा आहे का? म्हणून वेब सर्व्हर हॅक झाला, अगदी रूट म्हणून चालत असला, तरी पॉलिसीत नसलेल्या पोर्टवर तो सहसा बसू शकत नाही. रेड हॅटच्या मशीनवर ‘वेबसाइट चालते, पण डेटाबेसला जोडली जात नाही’ ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. बहुतेक वेळा कारण हेच असतं.

पॅकेटची लेबलं: एक नाही, दोन

खरा घोळ इथे होतो. मीही बरेच दिवस दोन्ही एकच समजत होते.

आमच्या नंदुरबारची मिरची तुम्हाला माहीत असेल. समजा, बाजारात मिरचीचं पोतं आलं. त्यावर माल पाठवणाऱ्याने गावाहूनच रंगाने आपली खूण केलेली आहे. शिवाय बाजाराच्या फाटकावरच्या माणसाने माल बघून स्वतःची एक चिठ्ठी लावली: ‘लाल, सुकी’. खूण सांगते माल कोणाचा. चिठ्ठी सांगते, आम्ही या मालाला काय समजतो.

फाटकावरची चिठ्ठी म्हणजे सेकमार्क. जेम्स मॉरिस यांनी केलेलं हे काम २००६ मध्ये, २.६.१८ या आवृत्तीत कर्नलमध्ये आलं. आयपीटेबल्सचा नियम पोर्ट, पत्ता वगैरे पाहतो आणि कर्नलमध्ये पॅकेटसाठी असलेल्या स्ट्रक्चरमध्ये ३२ बिटांचा एक आकडा लिहितो. हा आकडा मशीनबाहेर जात नाही. पॅकेट तारेवर गेलं की चिठ्ठी गळून पडते.

पाठवणाऱ्याची खूण म्हणजे पीअर लेबल. ते पलीकडच्या टोकाला असलेल्या सॉकेटचं लेबल आपल्यापर्यंत आणायचा प्रयत्न करतं. त्याचे दोन मुख्य मार्ग, दोन्ही २००६ मध्येच कर्नलमध्ये आले. पहिला नेटलेबल. तो सिप्सो या जुन्या पद्धतीने आयपी हेडरच्या ऑप्शनमध्ये लेबल कोंबतो. आयपी हेडर जास्तीत जास्त ६० बाइटचं, त्यातले २० ठरलेले. उरले ४०. एवढ्याशा जागेत दोन मशीनच्या मधे फक्त लेव्हल आणि कॅटेगरी जातात, टाइप जात नाही. दुसरा मार्ग लेबल्ड आयपीसेक. तिथे लेबल एनक्रिप्टेड जोडणीशी बांधलेलं असतं आणि पूर्ण जातं, पण दोन्ही टोकांच्या पॉलिसी जुळाव्या लागतात.

थोडक्यात, सेकमार्क विचारतो ‘हे कसलं पॅकेट?’ आणि पीअर लेबल विचारतं ‘हे कोणाचं पॅकेट?’ पॉलिसीतही दोघांचे क्लास वेगळे आहेत. पेपर वाचताना ‘पॅकेट लेबल’ असा शब्द दिसला की आधी ठरवा, यातलं नेमकं कोणतं.

मग माझं सेशन का गोठलं?

लेबल न लागलेल्या पॅकेटलाही कर्नल एक लेबल धरतो, ‘अनलेबल्ड_टी’. अशा पॅकेटांना मुभा देणारं एक मॉड्यूल पॉलिसीत असतं. प्रयोग कडक करायचा म्हणून ते मी आठवडाभर आधी काढून टाकलं होतं. आठवडाभर काहीच बिघडलं नाही. का? कारण मशीनवर सेकमार्कचा एकही नियम नसेल तर कर्नल ही तपासणी एरवी करतच नाही, उगाच वेळ जाऊ नये म्हणून.

मी पहिला नियम टाकला आणि तपासणी चालू झाली. फक्त ८० साठी नाही, सगळ्या पॅकेटांसाठी! एसएसएचच्या पॅकेटांवर चिठ्ठी नव्हती, मुभाही नव्हती. कर्नलने मी सांगितलं तेच केलं. नियम सेव्ह केलेला नव्हता, म्हणून लॅबमधल्या मैत्रिणीने मशीन रीस्टार्ट केल्यावर सुटले. पण दोन दिवसांचं मोजमाप गेलं ते गेलंच.

म्हणून सांगते: पहिला प्रयोग नेहमी समोरच्या मशीनवर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये करा. नियम टाकण्याआधी दहा मिनिटांनी आपोआप नियम पुसणारी कमांड लावून ठेवा.

संशोधनाचा प्रश्न कुठे आहे?

एका मशीनच्या आत लेबलवर विश्वास ठेवता येतो, कारण ते लावणारा आणि तपासणारा एकच कर्नल असतो. मशीन ओलांडलं की हा विश्वास तुटतो. सिप्सोच्या लेबलवर सही नसते. मधल्या कोणी ते बदललं तर कळायला मार्ग नाही, आणि बरेच राउटर ऑप्शन असलेली पॅकेट टाकूनच देतात. लेबल्ड आयपीसेकमध्ये मधला माणूस ते बदलू शकत नाही, पण पलीकडचा कर्नलच हल्लेखोराच्या ताब्यात असेल तर? खोटी खूण पक्क्या शिक्क्यासह येईल.

म्हणून या विषयातला कुठलाही पेपर हाती घेतलात की तीन प्रश्न विचारा. लेबल कोणी लावलं? ते कुठपर्यंत टिकतं? तपासणाऱ्याने लावणाऱ्यावर विश्वास का ठेवायचा? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कोडमध्ये मिळतात. तिसऱ्यावर अजून भरपूर काम बाकी आहे.

सुरुवात छोटी करा. फेडोरा असलेल्या व्हर्च्युअल मशीनवर ‘एसएस’ कमांड कॅपिटल झेड लावून चालवा आणि प्रत्येक सॉकेटसमोर दिसणारं प्रोसेसचं लेबल बघा. मग कर्नलच्या सोर्समध्ये एसईलिनक्सची हूक्स ही फाइल उघडा आणि नवीन टीसीपी जोडणी येते तेव्हा नव्या सॉकेटचं लेबल कसं ठरतं ते शोधा. एक धागा देते: त्यातला टाइप ऐकणाऱ्या सॉकेटचा असतो, लेव्हल मात्र पलीकडून येऊ शकते. असं का केलं असेल? वहीत तुमचं उत्तर लिहा, मग कोड परत वाचा.