नदीकाठची साम्राज्यं

सिड मायरची 'सिव्हिलायझेशन' ही कॉम्प्युटर गेम १९९१ साली आली. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या आमच्या मंडळींना तिचं वेड लागलं ते चौथ्या आवृत्तीपासून. ती आली ऑक्टोबर २००५ मध्ये. २६ जुलैच्या पुराला तेव्हा तीन महिने होत आले होते. घरी असेंबल करून घेतलेला कॉम्प्युटर होता आणि रोजचं लोडशेडिंग. पळापळीच्या, गोळीबाराच्या खेळांचा त्यात पार विचका व्हायचा. सिव्हिलायझेशनचं तसं नव्हतं. आपण टर्न संपवल्याशिवाय तिथलं जग पुढे सरकतच नाही. दर टर्नला आपोआप सेव्ह होईल अशी सेटिंग केली, की वीज गेली तरी साम्राज्य जागेवर. हा खेळ आमच्यात टिकला तो या थांबण्याच्या गुणामुळे, असं मला ठामपणे वाटतं.

एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीनं खेळायचं, म्हणजे हॉटसीट. ज्याची टर्न तो खुर्चीत, बाकीचे गॅलरीत. दुसऱ्याचा नकाशा दिसता कामा नये. खरा खेळ त्या गॅलरीतच रंगायचा. "तुला लोखंड सापडलं का रे?" "सापडलं तर तुला कशाला सांगू?" तह तिथेच व्हायचे आणि मोडायचेही तिथेच. इसवीसनपूर्व ४००० पासून निघून संध्याकाळपर्यंत तोफांपर्यंत पोचलो, तर रविवार सत्कारणी लागला म्हणायचं.

नव्या भिडूला पहिला सल्ला मिळायचा तो शहरं भराभर न वसवण्याचा. चौथ्या आवृत्तीत प्रत्येक नव्या शहरानं सगळ्यांचाच खर्च वाढतो, आणि राजधानीपासून जितकं लांब तितकं ते महाग. नवखा उत्साहात चारी दिशांना वसाहती पाठवायचा, खजिना रिकामा व्हायचा आणि संशोधन ठप्प. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला आमचा एक मित्र अशा वेळी शांतपणे म्हणायचा, "आधी कॉटेज लाव, मग जग जिंक." नेहमीच्या वेगाच्या डावात कॉटेजवर माणूस राबत ठेवला, तर दहा टर्नांनी तिची वाडी होते, आणखी वीस टर्नांनी गाव, त्यापुढे चाळीस टर्नांनी नगर. सत्तर टर्न धीर धरणाऱ्याकडे शेवटी सोन्याचा ओघ लागतो. दुसरा सल्ला गुलामगिरीचा: ब्राँझ मिळालं की लोकसंख्या खर्ची घालून धान्याचं कोठार झटक्यात उभं करायचं. गणित बिनचूक होतं. पण "दोन माणसं उडव" असं सहज म्हटलं जायचं, ते मला तेव्हाही खटकायचं आणि आजही खटकतं.

२०१० च्या पाचव्या आवृत्तीत षटकोनी घरं आली आणि एका घरात सैन्याची एकच तुकडी राहू लागली. लढाई देखणी झाली, सल्ला मात्र आखडला: ट्रॅडिशनची धोरणं घ्या, चार शहरांवर थांबा. पहिल्या चार शहरांना आधी स्मारक फुकट आणि पुढे जलवाहिनीही, मग पाचवं वसवायचं कशाला? सगळ्यांचे डाव एकसारखे दिसू लागले. सल्ला फारच पक्का झाला की खेळाचा जीव जातो, हे मी तिथे पाहिलं.

सहावी आवृत्ती २०१६ ची. तिच्या 'गॅदरिंग स्टॉर्म' या फेब्रुवारी २०१९ मधल्या विस्तारानं नद्यांना पूर आणले. पुरात बांधलेलं मोडतं, पण गाळानं जमीन कसदारही होते. धरण घातलं तर नुकसान टळतं. पूररेषेत शहर वसवावं का, हा वाद आमच्यात ऐन भरात असताना त्याच वर्षी २७ जुलैला उल्हास नदी फुगली आणि बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर प्रवाशांसह पाण्यात अडकली. त्यानंतर बदलापूरचे भिडू काठ सोडून उंचावर शहरं वसवू लागले. अंबरनाथकरांचं म्हणणं, कसदार जमीन सोडू नका, धरण आधी बांधा. हा वाद आजतागायत मिटलेला नाही आणि दोन्ही बाजूंनी डाव जिंकलेले आहेत.

मे २०२० मध्ये, लोकल बंद असताना, एपिक स्टोअरवर सहावी आवृत्ती आठवडाभर फुकट मिळत होती. ज्यांचा वेळ एरवी कर्जत लोकलच्या गर्दीत जायचा, तेही खेळू लागले. "कॅम्पस डोंगराला चिकटून घाल, प्रत्येक डोंगरामागे विज्ञान वाढतं," हे फोनवर किती जणांना सांगितलं असेल! गाड्या पूर्ववत झाल्यावर डाव क्लाउडवर गेले. रात्री घरी येऊन आपली टर्न खेळायची आणि पुढच्याची वाट बघायची.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सातवी आवृत्ती आली. तिच्यात अशोक आहे, मौर्य, चोळ आणि मुघल आहेत. ती आली तेव्हा युग बदललं की संस्कृतीही बदलावी लागायची. निम्म्या मंडळींना हे पटलं नाही, ती सहावीतच रमली आहेत. मूळ खेळात मराठे अजून आलेले नाहीत, ते भेटतात हौशी खेळाडूंनी बनवलेल्या मॉड्समध्ये. ते मुळातच यावेत ही आमची मनापासूनची इच्छा आहे, आणि आले तर कसे असावेत यावर खल चालूच असतो. किनाऱ्यावर जलदुर्ग बांधता यावा, डोंगराळ मुलखात घोडदळाची चाल अडू नये, इथपर्यंत एकमत आहे. अडतंय ते चौथाईवर: शेजाऱ्याकडून दर टर्नला किती सोनं यावं, यावर अजून कुणाचंच जमलेलं नाही.