दंतक्षयकारक जीवाणू आणि टूथपेस्टची परिणामकारकता : वाढरोधक वलयाच्या मर्यादा

प्रस्तावना :
१९२४ मध्ये जे. किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून 'स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स' हा जीवाणू वेगळा केला. हा जीवाणू साखरेपासून चिकट ग्लुकान तयार करून दातांवर थर बसवितो आणि लॅक्टिक आम्ल निर्माण करतो. थरातील सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. टूथपेस्ट ही प्रक्रिया कितपत रोखते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रचलित पद्धती :
महाविद्यालयीन प्रयोगशाळांत या परीक्षणासाठी अगार विसरण पद्धती सर्रास वापरली जाते. अगारवर जीवाणू पसरवून खळग्यांत टूथपेस्टचे द्रावण भरतात, ३७ अंश सेल्सिअस तापमानाला २४ तास ठेवतात आणि वाढरोधक वलयाचा व्यास मोजतात. ज्या टूथपेस्टचे वलय मोठे ती श्रेष्ठ, असा निष्कर्ष बहुधा काढला जातो. तो पुढील कारणांनी सदोष ठरतो.

मर्यादा :
१) वलयाचा व्यास घटकाच्या जीवाणूनाशक शक्तीप्रमाणेच त्याच्या विसरणावरही अवलंबून असतो. लवंगेतील युजेनॉल पाण्यात अल्प विरघळते. त्यामुळे त्याचा प्रभाव कमी दिसू शकतो.
२) फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट स्वतःच जीवाणूरोधक आहे. त्याचे श्रेय कडुनिंबाला किंवा बाभळीला दिले जाण्याचा संभव असतो. म्हणून विशेष घटक वगळलेले मूळ मिश्रण नियंत्रक म्हणून ठेवणे आवश्यक आहे.
३) तोंडात टूथपेस्टचा संपर्क जेमतेम दोन मिनिटे असतो, ती लाळेने विरल होते आणि जीवाणू चिकट थरात सुरक्षित असतात.

फ्लोराइडचे कार्य :
फ्लोराइड जीवाणूंच्या एनोलेज या विकरास अडथळा करते. तथापि त्याचे मुख्य कार्य खनिजांच्या पुनर्भरणास साह्य करणे हे आहे. फ्लोरापॅटाइट सामू सुमारे ४.५ पर्यंत उतरेपर्यंत टिकते. हे कार्य अगारवर दिसतच नाही. याउलट, ट्रायक्लोसानविषयीच्या २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, फ्लोराइडयुक्त टूथपेस्टमध्ये ते मिसळल्यास दंतथर सुमारे २२ टक्क्यांनी, परंतु दंतक्षय केवळ सुमारे ५ टक्क्यांनी घटला. जीवाणू कमी होणे म्हणजे तितक्याच प्रमाणात कीड कमी होणे नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. भारतात फ्लोराइडची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत १००० भाग आहे. लहान मुले टूथपेस्ट गिळतात. तीन वर्षांखालील बालकांना तांदळाच्या दाण्याएवढीच द्यावी. केवळ वलयाच्या आधारे फ्लोराइडविरहित टूथपेस्टची शिफारस करणे दातांच्या आरोग्यास हानिकारक ठरू शकते. अशा प्रकल्पांना मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांनी वलय हा प्राथमिक पुरावा मानावा आणि सामूतील घट व खनिजांचा ऱ्हास यांचेही मापन विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे.