धीम्या इंटरनेटचा पुरेपूर उपयोग

शिष्यवृत्तीच्या अर्जाला शेवटचा दिवस उरतो आणि जातीच्या दाखल्याचा फोटो काही केल्या अपलोड होत नाही, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. येथे थोडे गणित समजून घेऊ. इंटरनेटचा वेग 'बिट'मध्ये सांगतात, फाइल मात्र 'बाइट'मध्ये मोजतात. 8 बिट म्हणजे 1 बाइट. म्हणून 512 किलोबिटच्या लाइनवर सेकंदाला फार तर 64 किलोबाइट जातात. 4 मेगाबाइटच्या फोटोला मिनिटाहून अधिक वेळ लागतो. तोच 200 किलोबाइटचा केला, तर तीन-चार सेकंद पुरतात.

म्हणून आम्ही सुचवितो की, दाखल्यांचे फोटो आधीच लहान करून ठेवावेत. मात्र अक्षरे स्पष्ट वाचता आली पाहिजेत. अर्ज भरताना घरातील इतर मोबाइलवरचे व्हिडिओ व आपोआप होणारे अपडेट बंद ठेवावेत, कारण एकच लाइन सर्वांत वाटली जाते. शक्यतो पहाटे बसावे. तेव्हा गर्दी कमी असते. अभ्यासाची व्याख्याने रात्री उतरवून ठेवून दिवसा पाहावीत.

लाइनचा वेग वाढविणे आपल्या हाती नाही. तिच्यावरचे ओझे कमी करणे आहे. शिष्यवृत्ती हा आपला हक्क आहे. तो केवळ एका जड फोटोपायी हुकू नये.