घानांतील घरखर्चाची वही

गेल्या वर्षापेक्षां यंदा खर्चाचा आंकडा वाढला, एवढ्यावरून घराची स्थिति सुधारली असें म्हणावें काय? महिनाअखेर जमाखर्च मांडणारी कोणतीहि गृहिणी या प्रश्नाला हंसून नकारार्थी मान हालवील. पण हाच प्रश्न एखाद्या देशाविषयीं निघाला म्हणजे भलेभले चकतात. पश्चिम आफ्रिकेंतील घाना देशाचें उदाहरण म्हणूनच आम्हांस बोधप्रद वाटतें.

१९५७ सालीं स्वतंत्र झालेला हा कोकोचा देश १९८३ सालीं घोर संकटांत सापडला. अवर्षण, रानवणवे, आणि त्यांतच नायजेरियानें परत धाडलेले सुमारें १० लाख देशबांधव! महागाई शेंकडा १०० च्या वर गेली; गतवर्षाच्या दुप्पट नोटा मोजूनहि तितकाच जिन्नस पदरांत पडेना. उपासमारीनें वर आलेल्या गळ्याच्या हाडांना लोक तेव्हांचे सत्ताधीश रॉलिंग्ज यांच्या नांवानें ‘रॉलिंग्जचा हार’ म्हणूं लागले. पुढें २००७ सालीं तर १०,००० जुन्या सेडींचा एक नवा सेडी करावा लागला.

तेव्हां खर्चाची खरी वाढ पाहावयाची, तर आंकड्यांतून भाववाढ वजा करावी आणि उरलेल्यास माणसांच्या संख्येनें भागावें. तेथील सांख्यिकी खात्यानें १९८७ सालापासून घरोघर खर्चाची पाहणी आरंभिली. तींत घरच्या शेतांतील कसावा व मका यांचीहि किंमत धरतात. विकत घेतलें नाहीं म्हणून तें खाल्लेंच नाहीं, असें थोडेंच होतें? अशा पाहण्यांनुसार १९९१-९२ सालीं निम्म्याहून अधिक लोक दारिद्र्यांत होते. २०१६-१७ सालीं तें प्रमाण शेंकडा सुमारें २३ वर आलें. ही प्रगति केवळ कागदी नव्हे.

परंतु मिळविलेलें टिकविणेंहि सोपें नसतें. डिसेंबर २०२२ मध्यें महागाई पुनः शेंकडा ५४ वर चढली. २०२५ सालीं ती ओसरली खरी. तथापि महागाईचा वेग मंदावणें म्हणजे भाव उतरणें नव्हे. चढलेले भाव बहुतेक चढलेलेच राहतात, आणि ते पगारानें गांठेपर्यंत घराला ओढ सोसावीच लागते.

म्हणून वाचकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, देशाची वही वाचतांनाहि गृहिणीचीच दृष्टि ठेवावी. किती नोटा गेल्या हें विचारून थांबूं नये. त्यांच्या मोबदल्यांत चुलीवरच्या भांड्यांत काय आलें, आणि तें किती पानांवर वाढावयाचें होतें, हें विचारावें.