गाडी कोणाची, पैसा कोणाचा?

गेल्या महिन्यात तळेगाव ढमढेरेच्या आमच्या बौद्ध वस्तीत एक गाडी आली आणि वस्तीत दोन तट पडले. गाडी दोन दारांची, बुटकी, लाल रंगाची, जर्मन बनावटीची स्पोर्ट्स कार. सेकंडहँड, सात वर्षे वापरलेली, किंमत २२ लाख रुपये. विहाराच्या कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरला तिचे पोट घासले तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हाताऱ्या माणसांनी कपाळाला हात लावला.

गाडी घेणारा मुलगा तिशीतला. बाप रांजणगावच्या एमआयडीसीत वॉचमन होता. आई दुसऱ्याच्या कांद्याच्या वावरात रोजंदारीने जायची. मुलाने आयटीआय केले, चाकणला सात वर्षे मशीनवर नोकरी केली आणि मग सणसवाडीत भाड्याच्या गाळ्यात स्वतःची दोन मशीन टाकली. आज त्याच्याकडे अकरा कामगार आहेत. शाळेत असताना वर्तमानपत्रातली गाड्यांची चित्रे कापून तो घराच्या पत्र्याला चिकटवायचा, हे वस्तीतल्या सर्वांनी पाहिलेले आहे.

विहारात बैठक झाली. विषय खरे तर वर्षावासाच्या कार्यक्रमाचा होता, परंतु चर्चा गाडीवर घसरली. मीही बोललो. वकील माणूस, चळवळीतला कार्यकर्ता, बोलण्याची सवय. मी म्हणालो, "एवढ्या पैशात वस्तीतल्या मुलांसाठी अभ्यासिका झाली असती." टाळ्या पडल्या. मुलगा खाली मान घालून बसला होता. बैठक संपल्यावर तो माझ्याजवळ आला आणि शांतपणे म्हणाला, "जय भीम, दादा. तुम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्यात फ्लॅट घेतला. त्या पैशातही अभ्यासिका झाली असती की."

कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी मी रोज घेतो. त्या दिवशी माझीच झाली, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या रात्री जो विचार केला तो समाजबांधवांसमोर मांडावा म्हणून हा लेख.

पहिला प्रश्न असा की, आपल्या माणसाची गाडी आपल्यालाच का खुपते? एमआयडीसीला जमिनी गेल्या, मोबदला आला, तेव्हा आमच्या शिरूर तालुक्यात मोठमोठ्या गाड्या आल्या. त्या गाड्यांबद्दल कोणत्या देवळात बैठक झाल्याचे मला आठवत नाही. प्रस्थापितांच्या पोराने गाडी घेतली की ती हौस ठरते, आणि आपल्या पोराने घेतली की उधळपट्टी. ही नजर मुळात आपली नाही. 'तुमच्या लोकांना गाडी कशाला हवी' असे म्हणणाऱ्यांची ती नजर आहे, आणि नकळत ती आपल्या डोळ्यांत उतरली आहे.

गाडीचा आणि आपला इतिहास फार जुना आहे. १९०१ साली बाबासाहेब, त्यांचे बंधू आणि बहिणीचा मुलगा वडिलांना भेटायला निघाले. वडील खटाव तालुक्यातील गोरेगावला नोकरीस होते. मुले मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे, खिशात भाड्याचे पैसे. परंतु जात कळताच एकही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. पैसा होता, गाडी होती, पण हाकणारा नव्हता.

पुढे २३ ऑक्टोबर १९२९ रोजी चाळीसगावला तेच झाले. तेव्हा बाबासाहेब बॅरिस्टर होते, सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. टांगा मिळाला, पण हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसला, ज्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. पुलावर टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हे दोन्ही प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. ज्या समाजाच्या सर्वांत मोठ्या माणसाचा पाय दुसऱ्याच्या टांग्यातून पडून मोडला, त्या समाजाच्या मुलाला स्वतःची गाडी असावी असे वाटले तर त्यात लाजण्यासारखे काय आहे?

ही केवळ जुनी गोष्ट नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. त्या दुरुस्तीने एक नवे कलम आले. दलित माणसाला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यापासून, पायात चप्पल वा अंगावर नवे कपडे घालण्यापासून, लग्नाच्या वरातीत घोड्यावर वा वाहनात बसण्यापासून अडवले तर तो गुन्हा आहे. एकविसाव्या शतकात या देशाच्या संसदेला सायकल, चप्पल आणि नवे कपडे हे शब्द कायद्यात लिहावे लागले. ज्या गोष्टीवरून माणसाला मारले जाते, तीच कायद्यात लिहावी लागते.

तेव्हा स्वतःच्या कष्टाच्या पैशातून हौस करणे हा आपला अधिकार आहे, आणि तो फुकट मिळालेला नाही. बाबासाहेबांनी स्वतः अंगावर पंचा घेऊन गरिबीचे प्रदर्शन कधी मांडले नाही. त्यांना उत्तम सूट आवडत, फाउंटन पेन आवडत, व्हायोलिन शिकण्याची हौस त्यांनी केली. आणि पुस्तकांच्या हौसेपायी तर दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे केले.

परंतु अधिकार आहे एवढ्यावर विषय संपत नाही. खरा प्रश्न गाडी किती महाग हा नाही. गाडी कोणाच्या पैशाची, हा आहे. यासाठी महाराष्ट्राने पाहिलेल्या दोन गाड्या आठवा.

पहिली फेरारी. २००२ साली सचिन तेंडुलकर यांनी कसोटी सामन्यांतील डॉन ब्रॅडमन यांच्या २९ शतकांची बरोबरी केली. फियाट कंपनीने त्यांना फेरारी ३६० मॉडेना भेट दिली. शर्यतपटू मायकेल शुमाकर यांच्या हस्ते ती दिली गेली. कंपनीने भेट द्यावी, खेळाडूने घ्यावी, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. परंतु गाडी भारतात आणताना सुमारे १ कोटी १३ लाख रुपये आयात शुल्क लागत होते, आणि २००३ साली केंद्र सरकारने ते माफ केले. ते पैसे जनतेच्या तिजोरीतले होते. दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, देशभर गहजब उठला आणि अखेर ते शुल्क फियाटने भरले. याच फियाटचा कारखाना आमच्या तालुक्यात रांजणगावला उभा आहे. त्या भागात घाम गाळणाऱ्या कामगाराने मोटारसायकल घेतली तरी त्याला एक रुपयाचा कर माफ होत नाही.

दुसरी गाडी पोर्शे. १९ मे २०२४ च्या मध्यरात्रीनंतर पुण्यात कल्याणीनगरला, म्हणजे आपण ज्या नगर रस्त्याने पुण्याला जातो त्याच्या लगतच, सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा, एक मुलगा आणि एक मुलगी, जीव घेतला. कोट्यवधींची गाडी, पण १,७५८ रुपये शुल्क न भरल्यामुळे तिची कायम नोंदणीच झालेली नव्हती. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्या मुलाला जामीन दिला आणि ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितले. पुढे ससून रुग्णालयात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. ज्याने गाडीसाठी एक दिवस घाम गाळला नाही, त्याच्या हाती ती गाडी दिल्यावर काय होते हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

आता आमच्या तळेगावच्या मुलाची गाडी घ्या. मी वकील म्हणून तिचे कागद पाहिले. खरे तर चूक सापडावी म्हणूनच पाहिले. पूर्वीच्या मालकाचे कर्ज फिटून बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ होता. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० होते. विमा स्वतःच्या नावावर करून घेतला होता. पैसे बँकेतून गेले होते. रोखीत एक रुपया नाही. मशीनवरचे कर्ज त्याने आधी फेडले आणि मगच गाडी घेतली. कामगारांचा भविष्य निर्वाह निधी वेळेवर भरलेला होता. सांगा, या गाडीत कोणाचा हिस्सा बुडाला?

सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या पेड गावचे अशोक खाडे यांची गोष्ट अनेकांनी वाचली असेल. चर्मकार कुटुंबात जन्म, माझगाव डॉकमध्ये नोकरी, मग भावांसह स्वतःची कंपनी. ते आपल्या गावी बीएमडब्ल्यूने जातात, हे २०११ साली अमेरिकेतल्या मोठ्या दैनिकाने छापले. तेव्हा आपण सर्वांनी ती बातमी कौतुकाने एकमेकांना वाचून दाखवली होती. लांबच्या माणसाची गाडी अभिमानाची आणि शेजारच्या पोराची गाडी खुपणारी, असे कसे चालेल?

मात्र तरुणांनी हा लेख वाचून उद्या शोरूम गाठू नये. त्यांच्यासाठी दोन शब्द स्पष्ट सांगतो. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली: योग्य मार्गाने मिळवलेली संपत्ती असण्याचे सुख, ती भोगण्याचे सुख, कोणाचे ऋण नसण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. भोगण्याच्या सुखाला तथागतांनी नाकारलेले नाही. पण त्याच्या अलीकडे कष्ट आहेत आणि पलीकडे ऋणमुक्ती. सिगालाला केलेल्या उपदेशात तर हिशेबच आहे: मिळकतीचे चार भाग करा, एक भोगा, दोन धंद्यात घाला, चौथा संकटासाठी ठेवा.

आज आमच्या भागात काय दिसते? कंत्राटी नोकरी, पगार वीस हजार आणि दारात दहा लाखांच्या कर्जाची गाडी. दहा टक्के व्याजाने सात वर्षांचे कर्ज घेतले तर महिन्याला सुमारे १६,६०० रुपये हप्ता बसतो आणि व्याजापोटीच जवळपास ३ लाख ९४ हजार रुपये जातात. विम्याच्या हिशेबात गाडीची किंमत चौथे वर्ष संपले की निम्मी धरतात. गाडी झिजते, हप्ता झिजत नाही. हप्ता थकला की वसुलीवाले येतात. गुंड पाठवून गाडी ओढून नेता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बँकांना बजावले आहे, तरी अशी प्रकरणे घेऊन तरुण माझ्याकडे येतातच. ती गाडी त्यांच्या पैशाची नव्हती. ती बँकेची होती, हे त्यांना उशिरा कळते.

आता त्या मुलाच्या आईविषयी. तिचा विरोध वेगळ्या कारणाने होता. मी घरी गेलो तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, पैशाचं काय नाय. पर गाडी लाल हाय, लांबून दिसती. एक तारीख आठवती मला." एक तारीख म्हणजे १ जानेवारी २०१८. त्या दिवशी कोरेगाव भीमा, सणसवाडी परिसरात विजयस्तंभाला आलेल्या आपल्या लोकांवर हल्ले झाले, गाड्या फोडल्या आणि जाळल्या. या माउलीच्या भावाची मोटारसायकल त्यात जळाली. विमा फक्त थर्ड पार्टीचा, त्यामुळे भरपाई मिळाली नाही. दंगलीतले नुकसान भरून मिळायचे तर सर्वसमावेशक विमा लागतो, हे आपल्याकडे गाडी जळाल्यावर कळते.

मी म्हणालो, "अक्का, पोराने तो विमा काढलाय." ती म्हणाली, "इम्यानं गाडी मिळंल. पोरगं?"

याला माझ्याकडे कायद्याचे कलम आहे, उत्तर नाही. आईची ही भीती ज्या दिवशी जाईल त्या दिवशी आपल्या मुलाची गाडी नुसती गाडी असेल. तोपर्यंत ती कोणाच्या तरी डोळ्यावर येणारच. आणि म्हणूनच ती आपल्या डोळ्यावर येता कामा नये. बाहेरचे अडवतात तेव्हा आपण कायदा दाखवतो. घरचेच अडवू लागले तर पोराने कोणाकडे पाहायचे?

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी खंत व्यक्त केली, ती आपण व्यासपीठावरून नेहमी सांगतो. सांगताना बोट समोर असते. ते शिकलेले लोक म्हणजे मीसुद्धा, हे सोयीस्करपणे विसरतो. समाजाचे देणे प्रत्येकावर आहे, ते गाडी घेणाऱ्यावर जास्त आणि फ्लॅट घेणाऱ्यावर कमी असे नाही.

पुढच्या बैठकीत मी माझे शब्द मागे घेतले. विहाराच्या फळ्यावर अभ्यासिकेसाठी माझ्या नावापुढे वर्षाचा आकडा लिहिला आणि खडू टेबलावर ठेवला. कोणाकडे पाहिले नाही, कोणाचे नाव घेतले नाही. थोड्या वेळाने तो मुलगा उठला. माझ्याइतकाच आकडा त्याने लिहिला, एक रुपया जास्त नाही, एक रुपया कमी नाही. मला ते आवडले. मग आणखी चौघे उठले.

तो आता रोज त्या गाडीतून सणसवाडीला जातो. ताशी अडीचशे किलोमीटर पळणारी गाडी शिक्रापूरच्या चौकात उसाच्या ट्रॅक्टरमागे अर्धा तास उभी असते. पण स्टिअरिंगवर हात त्याचाच असतो. मसूरच्या बैलगाडीत त्या मुलांना कासरा नाइलाजाने हाती घ्यावा लागला होता. याने स्वखुशीने घेतला आहे.

बांधवांनो, पैसा स्वतःचा असू द्या, कर्ज फिटलेले असू द्या, कामगाराचा आणि समाजाचा वाटा दिलेला असू द्या. मग हौस करा आणि मान वर करून करा. जय भीम.