अन्नाचे विद्यापीठ

पदवी म्हटली की डॉक्टर, वकील, इंजिनियर आपल्या डोळ्यांसमोर येतात. शेतकऱ्याचे धान्य, गवळ्याचे दूध, घरातले लोणचे यांचा अभ्यास करून कुणी पदवीधर होतो असे सांगितले, तर लोक हसतील. पण इटलीत असे विद्यापीठ आहे.

उत्तर इटलीच्या पिएमोंते प्रांतात, ब्रा गावाजवळ पोलेंत्सो हे लहानसे खेडे आहे. राजा कार्लो अल्बेर्तोने एकोणिसाव्या शतकात येथे शेतीसाठी मोठ्या इमारती बांधल्या. त्याच आवारात २००४ साली अन्नशास्त्राचे हे विद्यापीठ सुरू झाले. ब्रा गावचेच कार्लो पेत्रिनी आणि त्यांची 'स्लो फूड' चळवळ यांनी त्यासाठी पुढाकार घेतला.

या चळवळीमागे एक दुःखद घटना आहे. इटलीत जेवणासोबत वाईन घेण्याची जुनी रीत आहे. १९८६ साली याच भागातील काही व्यापाऱ्यांनी नफ्यासाठी स्वस्त वाईनमध्ये मिथेनॉल मिसळले. वीसहून अधिक माणसे मेली, कित्येकांची दृष्टी गेली. २०१५ साली मुंबईत मालवणीच्या वस्तीत शंभरावर माणसांचा जीव घेणारे विष हेच. स्वस्त घेणाराच भेसळीला बळी पडतो, हे तिकडेही खरे ठरले. मग प्रश्न उभा राहिला, आपण खातो-पितो ते येते कुठून, बनवते कोण?

विद्यापीठात याच प्रश्नाचा अभ्यास होतो. ही केवळ आचारी घडवणारी शाळा नाही. रसायनशास्त्र, जंतुशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र आणि कायदा शिकवतात. नाक आणि जीभ वापरून चव पारखायलाही शिकवतात. विद्यार्थी शेतकरी, मच्छीमार, चीज करणारे यांच्याकडे जाऊन त्यांचे काम पाहतात. इमारतीच्या तळघरात 'वाईनची बँक' आहे. इटलीच्या निरनिराळ्या भागांतील बाटल्या तेथे वर्षानुवर्षे जपून ठेवतात.

पण बाटल्यांहून मोलाचे आहे ते 'स्मृतींचे कोठार'. म्हाताऱ्या शेतकऱ्यांना, कारागिरांना, बायाबापड्यांना बोलते करून त्यांच्या मुलाखती चित्रित केल्या जातात. बी कसे राखायचे, पीठ कसे आंबवायचे, दुष्काळात काय खाल्ले, हे सारे त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळते. शाळेचे तोंड न पाहिलेला माणूस येथे प्राध्यापकांना शिकवतो!

एक गोष्ट मात्र खटकते. हे विद्यापीठ खाजगी आहे आणि तिथले शुल्क भारी आहे. शिष्यवृत्त्या आहेत, पण त्या सर्वांना मिळत नाहीत. ज्या कष्टकऱ्याच्या ज्ञानावर ही शाळा उभी आहे, त्याच्या लेकरासाठी तिचे दार किती उघडे आहे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आपल्या घरातील आजीलाही असे पुष्कळ ठाऊक असते. तिला विचारायला विद्यापीठ लागत नाही. एक वही आणि थोडा वेळ पुरेसा आहे. ती आहे तोवर विचारून घ्या.