विद्युत दुचाकींचे नियम व सुरक्षितता (कारंजा लाड)

विद्युत दुचाकी म्हणजे बॅटरीवर फिरणाऱ्या मोटरने चालणारी स्कूटर, मोटारसायकल किंवा सायकल होय. वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड येथे अशा वाहनांना देशभर लागू असलेलेच मोटार वाहन अधिनियम, १९८८ व केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ लागू होतात. या नियमांनुसार दिसायला सारख्या असणाऱ्या दोन स्कूटर कायद्याच्या दृष्टीने पूर्णपणे वेगळ्या असू शकतात. एक मोटार वाहन ठरते, तर दुसरी ठरत नाही.

वर्गीकरण

मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोग्रॅमपर्यंत असेल, तर ते वाहन मोटार वाहन मानले जात नाही. त्यासाठी योग्य ब्रेक, पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची तपासणी आवश्यक असते. अशा वाहनाला नोंदणी, वाहन परवाना व विमा यांची सक्ती नाही. विक्रीच्या वेळी ‘लायसन्स लागत नाही’ असे जे सांगितले जाते ते याच वर्गाबद्दल खरे असते. मात्र त्यामागच्या अटी बहुधा सांगितल्या जात नाहीत.

यापैकी कोणतीही मर्यादा ओलांडणारी स्कूटर मोटार वाहन ठरते. तिची नोंदणी करावी लागते; वाशीम जिल्ह्याचा नोंदणी संकेतांक एमएच ३७ आहे. ऑगस्ट २०१८ पासून खासगी विद्युत वाहनांच्या क्रमांकाची पाटी हिरवी व त्यावरील अक्षरे पांढरी असतात. नोंदणी प्रमाणपत्राचे शुल्क ऑगस्ट २०२१ मध्ये माफ करण्यात आले. परंतु शुल्कमाफी म्हणजे नोंदणीतून सूट नव्हे. चालकाकडे वैध परवाना, वाहनाचा किमान तृतीय पक्ष विमा आणि चालक व मागे बसणारा या दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट असणे बंधनकारक आहे. मागे एकापेक्षा जास्त व्यक्तींना बसवता येत नाही.

वेगमर्यादा काढून टाकणे

कमी वेगाच्या स्कूटरमधील नियंत्रकात फेरफार करून किंवा जास्त शक्तीची मोटर बसवून तिचा वेग वाढवला जातो. त्या क्षणापासून ती सवलतीच्या वर्गातून बाहेर पडते आणि विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन बनते. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये अशा वाहनांविरुद्ध तपासणी मोहीम हाती घेतली होती. दंडापेक्षाही मोठा धोका नुकसानभरपाईचा असतो. अपघातात पादचारी जखमी झाला किंवा दगावला, तर विमा नसल्याने भरपाईचा सारा भार मालकावर पडतो. वेग दुप्पट झाल्यास धडकेची ऊर्जा चौपट होते, आणि २५ किलोमीटरसाठी बनवलेले ब्रेक व सांगाडा त्या प्रमाणात बळकट होत नाहीत.

शाळा व शिकवणी वर्गांना जाणाऱ्या मुलांच्या हाती अशी गाडी देणे पालकांना महागात पडू शकते. मोटार वाहन ठरणाऱ्या स्कूटरवर अल्पवयीन चालकाने गुन्हा केल्यास, २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

बॅटरी व चार्जिंग

लिथियम-आयन बॅटरीत आतल्या आत शॉर्टसर्किट झाल्यास एका घटाची उष्णता शेजारच्या घटाला तापवते आणि आग साखळीसारखी पसरते. विझल्यासारखी दिसणारी आग पुन्हा भडकू शकते, शिवाय धूर विषारी असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन भाजलेल्या सात वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्याच वर्षीच्या आगीच्या घटनांनंतर बॅटरीचे एआयएस-१५६ हे सुरक्षा मानक कडक करण्यात आले. त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ रोजी, तर दुसरा ३१ मार्च २०२३ रोजी लागू झाला.

विदर्भातील उन्हाळ्यात ही काळजी अधिक घ्यावी लागते. उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जिंगला न लावता बॅटरी थंड होऊ द्यावी. कंपनीचाच चार्जर आणि अर्थिंग असलेला सॉकेट वापरावा. चार्जिंगची जागा झोपण्याच्या खोलीत, जिन्याखाली किंवा घराबाहेर पडण्याच्या एकमेव दाराजवळ नसावी. फुगलेली, पाण्यात बुडालेली किंवा आपटलेली बॅटरी तपासणीशिवाय वापरू नये. आग लागल्यास वाहन वाचवण्याचा प्रयत्न न करता घर रिकामे करून १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे.

कारंज्यातील रस्ते

विद्युत दुचाकीचा आवाज जवळजवळ नसतो. वेशींच्या आतील जुन्या वस्तीतील अरुंद गल्ल्यांत आणि नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान असलेल्या गुरुमंदिराच्या परिसरात पायी चालणाऱ्यांची वर्दळ असते. मागून येणारी गाडी त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे वळणावर वेग कमी करून हॉर्न देणे आवश्यक ठरते. थांबलेली स्कूटर मूठ पिळताच झेप घेते, म्हणून उतरताना ती बंद करावी.

समृद्धी महामार्गाचा प्रवेशमार्ग कारंजा लाडजवळ असला तरी त्या महामार्गावर दुचाकींना बंदी आहे, आणि नोंदणीकृत विद्युत दुचाकीही तिला अपवाद नाही.